चंद्रावर राहणं आणि तिथलं वापरणं: हिशेब कुठे बसतो, कुठे अडतो

प्रश्न असा आहे: चंद्रावर माणसं कायमची राहू शकतील का? तिथलं पाणी, खनिजं, हेलियम-३ (अणुमीलनाचं इंधन म्हणून सुचवला जाणारा हेलियम वायूचा हलका प्रकार) काढून वापरता येईल का? आणि येणार असेल, तर सुरुवात कशापासून होईल?

थोडक्यात सांगायचं तर राहणं जमेल, पण अंटार्क्टिकावरच्या संशोधन तळासारखं, पाळीपाळीने. वापरायच्या गोष्टींत पहिला नंबर ऑक्सिजनचा, दुसरा मातीचा (माती म्हणूनच), तिसरा बर्फाचा. धातू त्यांच्या मागून येतील. हेलियम-३ या रांगेत उभंच राहत नाही, का ते पुढे येईलच. चंद्रावर काय काय आहे याची यादी बऱ्यापैकी पक्की झाली आहे. घोडं अडतं ते तिथे एखादं यंत्र सलग किती तास चालेल या प्रश्नाशी. खालचा जवळजवळ प्रत्येक मुद्दा फिरून तिथेच येतो.

आधी पायाखालची माती बघू, कारण चांगलं-वाईट सगळं तिच्यातूनच निघतं. अपोलो मोहिमांनी ३८२ किलो दगडमाती आणली. चीनच्या चांग-ई ५ ने २०२० मध्ये १,७३१ ग्रॅम आणली आणि चांग-ई ६ ने २०२४ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूची १,९३५ ग्रॅम. त्यामुळे या मातीबद्दल, म्हणजे रेगोलिथबद्दल, आपण अंदाजाने बोलत नाही. वजनाच्या ४० ते ४५ टक्के ऑक्सिजन, सुमारे २० टक्के सिलिकॉन, बाकी लोखंड, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम. काळसर सपाट भागात लोखंड आणि टायटॅनियम जास्त, उजळ डोंगराळ भागात ॲल्युमिनियम आणि कॅल्शियम जास्त. ऑक्सिजन भरपूर आहे, पण तो खनिजांत घट्ट जखडलेला आहे.

कणांचा सरासरी आकार ७० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे सिमेंट आणि बारीक वाळू यांच्या मधला. फरक आकारात नाही, धारेत आहे. तिथे वारा नाही, पाणी नाही, त्यामुळे कणांचे कोपरे कधी घासलेच गेले नाहीत. वर सूक्ष्म उल्कांच्या माऱ्याने माती वितळून काच झाली आहे आणि त्या काचेने बाकीचे कण वेडेवाकडे चिकटवून ठेवले आहेत. थोडक्यात, काचेचा चुरा आणि दगडाची कच यांचं मिश्रण. वरचे काही सेंटिमीटर भुसभुशीत असतात, पण फूट-दीड फूट खाली गेलं की धुमसाने ठोकून बसवल्यासारखी घट्ट. अपोलोच्या अंतराळवीरांचे ड्रिल तिथेच अडकले होते.

वीज आधी, बाकी नंतर

चंद्राचा एक दिवस-रात्र मिळून साडेएकोणतीस पृथ्वी-दिवसांचा. विषुववृत्ताजवळ रात्र ३५४ तासांची, दुपारी तापमान १२० अंश सेल्सिअसपर्यंत आणि पहाटे उणे १७० च्या खाली. आता एक किलोवॅटचा छोटासा भार रात्रभर चालू ठेवायचा तर ३५४ युनिट साठवावी लागतील. एका किलो बॅटरीत, आवरण आणि तापमान राखायची सोय धरून, १५० ते २०० वॉट-तास मावतात असं समजा. म्हणजे दर किलोवॅटमागे दोन टन बॅटरी. चार माणसांच्या निवाऱ्याला, कोणतीही खाण किंवा भट्टी न चालवता, वीसेक किलोवॅट सहज लागतात. नुसत्या बॅटऱ्याच ४० टन! हा आकडा पाहिला की विषुववृत्ताजवळच्या वस्तीच्या बहुतेक चित्रांचा निकाल लागतो.

चंद्रयान-३ चा विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ ला उतरला, चंद्राचा एक दिवस काम केलं आणि रात्रीनंतर जागा झाला नाही. तो तसा बनवलाच नव्हता, त्यामुळे यात अपयश काही नाही. पण रात्र काढायची म्हणजे काय, ते यातून कळतं. चांग-ई मालिकेतली यानं रात्र काढतात ती किरणोत्सारी उष्णतास्रोतांवर. तेही झोपून राहतात, काम करत नाहीत. वस्तीला झोपून चालत नाही.

म्हणून सगळ्यांची नजर दक्षिण ध्रुवावर. चंद्राचा अक्ष फक्त दीड अंश कललेला आहे, त्यामुळे ध्रुवाजवळ सूर्य क्षितिजाला घासत गोल फिरतो. शॅकल्टन विवराच्या कडेसारख्या उंच जागी वर्षातले ८० टक्क्यांहून जास्त तास ऊन असतं. याला ‘अखंड प्रकाशाची शिखरं’ म्हणतात, पण अखंड काही नाही. समोरचा डोंगर आडवा आला की काही दिवस अंधार पडतोच, आणि तेवढ्यापुरता साठा लागतोच. तिथे पॅनल आडवे टाकून उपयोग नाही. ते शिडासारखे उभे लावायचे आणि उभ्या अक्षाभोवती महिन्याला एक फेरी या गतीने फिरवायचे. मनोरा दहा मीटर उंच केला तर प्रकाशाचे तास वाढतात. पण तुमच्याच एका पॅनलची सावली दुसऱ्यावर शेकडो मीटर लांब पडते, म्हणून रांगेने शेत उभारता येत नाही. चांगल्या जागा मोजक्या आहेत आणि त्या सगळ्यांनाच हव्या आहेत. शिवाय ध्रुवावरून पृथ्वी महिन्यातले साधारण पंधरा दिवस क्षितिजाखाली असते. संपर्कासाठी वर एक दूरसंचार उपग्रह फिरता ठेवावा लागतो.

दुसरा मार्ग छोट्या अणुभट्टीचा. नासाने आखलेली मूळ कल्पना ४० किलोवॅटची, वजन सहा टनांच्या आत. २०२५ मध्ये लक्ष्य १०० किलोवॅटपर्यंत वाढवण्यात आलं. ‘क्रस्टी’ नावाच्या छोट्या भट्टीची चाचणी २०१८ मध्ये नेवाडात यशस्वी झाली होती, त्यामुळे तत्त्व सिद्ध आहे. अवघड भाग वेगळाच आहे: ४० किलोवॅट वीज काढताना १०० किलोवॅटहून जास्त उष्णता टाकून द्यावी लागते, आणि हवा नसल्याने ती फक्त प्रारणानेच जाते. पत्रे १२५ अंशांवर ठेवले तर दोन्ही बाजू मोकळ्या असलेले सुमारे ५० चौरस मीटर पत्रे लागतात. त्यांच्यावर धूळ बसली की उष्णता नीट बाहेर पडत नाही, भट्टी कमी क्षमतेवर आणावी लागते. भट्टी वस्तीपासून दूर किंवा खड्ड्यात ठेवायची, म्हणजे लांब केबल आली, आणि ती धुळीतून ओढणारं यंत्रही.

माझं मत: ध्रुवावर सुरुवात सौरऊर्जेने होईल, पण माती वितळवायचं किंवा पाणी फोडायचं काम अणुभट्टीशिवाय नीट चालणार नाही.

ऑक्सिजन: भट्टीचं काम

माणसाला श्वासासाठी दिवसाला ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो. चार माणसांना वर्षाला सव्वा टन. एवढ्यासाठी कोणी कारखाना उभारणार नाही. खरं गिऱ्हाईक रॉकेट आहे. हायड्रोजन-ऑक्सिजन इंजिनात वजनाच्या सहा भाग ऑक्सिजनला एक भाग हायड्रोजन जातो. मिथेन इंजिनात ३.६ ला १. म्हणजे टाकीतल्या एकूण मालापैकी जवळजवळ चार पंचमांश किंवा त्याहून जास्त वजन ऑक्सिजनचं. हायड्रोजन किंवा मिथेन पृथ्वीवरून आणला आणि नुसता ऑक्सिजन चंद्रावर भरला, तरी बहुतेक ओझं वाचतं. बर्फाची वाट न बघता हे करता येतं, कारण माती सगळीकडे आहे. ऑक्सिजनला पहिला नंबर यासाठी.

काढायचे मार्ग बरेच सुचवले गेले आहेत, त्यातले चार बघण्यासारखे.

सर्वांत सोपा म्हणजे इल्मेनाइट या लोखंड-टायटॅनियमच्या खनिजावरून ९०० ते १,००० अंशांना हायड्रोजन सोडायचा. लोखंड, टायटॅनियम ऑक्साइड आणि पाण्याची वाफ मिळते. वाफेचं विघटन करून ऑक्सिजन ठेवायचा, हायड्रोजन परत भट्टीत. तापमान आवाक्यातलं, माती वितळत नाही, यंत्रं ओळखीची. पण शुद्ध इल्मेनाइटच्या वजनाच्या साडेदहा टक्केच ऑक्सिजन सुटतो, आणि मातीत इल्मेनाइट मुळात थोडं. त्यामुळे शंभर किलो मातीमागे हाती लागतात जेमतेम काही किलो. आणि खरी गोची पुढे आहे: इल्मेनाइट काळ्या सपाट भागांत, तर प्रकाश आणि बर्फ ध्रुवावर, जिथली माती डोंगराळ भागातली, लोखंडाने गरीब. ध्रुवावर तळ आणि हायड्रोजनची भट्टी, ही जोडी जुळत नाही.

दुसरा मार्ग कार्बनचा. माती १,६०० अंशांच्या वर वितळवून मिथेन सोडायचा. सिलिकॉनशी जखडलेला ऑक्सिजनही कार्बन मोनॉक्साइडच्या रूपात सुटतो. नंतर त्यापासून पाणी आणि मिथेन बनवायचं, पाणी फोडायचं, मिथेन पुन्हा आत. २०२३ मध्ये नासाच्या जॉन्सन केंद्रात निर्वात टाकीत, लेझरने कृत्रिम चांद्रमाती तापवून हे करून दाखवलं गेलं. उत्पन्न पहिल्या मार्गापेक्षा कितीतरी जास्त. दुखणं एकच: दर खेपेला थोडा कार्बन मळीत अडकून राहतो, आणि चंद्रावर कार्बन जवळजवळ नाहीच. ती तूट पृथ्वीवरून भरावी लागते.

तिसरा, वितळलेल्या मातीतून सरळ वीज सोडणं. रसायन काही लागत नाही, कोणतीही माती चालते, वर ऑक्सिजन आणि तळाशी लोखंड-सिलिकॉनचा मिश्रधातू. कागदावर हा सर्वांत देखणा. प्रत्यक्षात १,६०० अंशांचा तो रस मूस खाऊन टाकतो. त्यावर तोड अशी की मधली माती विजेनेच तापवायची आणि कडेची थिजलेली ठेवायची, म्हणजे मातीच मातीची मूस. धन टोकाला इरिडियमसारखा महागडा धातू लागतो, कारण तिथे तप्त ऑक्सिजन सुटत असतो. आणि वीज मध्येच गेली तर? रस टोकांसकट थिजतो, खंगर होऊन बसतो. ती भट्टी पुन्हा सुरू होईलच असं नाही. प्रकाश-अंधाराच्या खेळात चालणाऱ्या सौरऊर्जेवर ही भट्टी लावायची हिंमत करू नये.

चौथा मार्ग वितळलेल्या कॅल्शियम क्लोराइडमध्ये माती बुडवून विघटन करण्याचा, तापमान ९५० अंशांच्या आसपास. ग्लासगो विद्यापीठातल्या कामानंतर युरोपीय अवकाश संस्थेने २०२० मध्ये नेदरलँड्समधल्या नॉर्डव्हाइकला याचा प्रायोगिक संच बसवला. जवळजवळ सगळा ऑक्सिजन निघतो आणि मागे धातूंची भुकटी उरते. फक्त त्या भुकटीला चिकटलेलं मीठ धुवायला पाणी लागतं, आणि प्रत्येक धुण्यात मीठ थोडं थोडं हरवतं.

ऊर्जेचं गणित कोणत्याही मार्गाने फार सुटत नाही. सिलिका फोडायलाच एका किलो ऑक्सिजनमागे तत्त्वतः ८ युनिट लागतात. गळती आणि घट धरली की दुप्पट-तिप्पट. २५ युनिट धरून ४० किलोवॅटची अख्खी अणुभट्टी याच कामाला लावली, तर दिवसाला ३८ किलो, वर्षाला १४ टनांच्या आत. तेही ती एकही दिवस बंद पडली नाही तर.

बर्फ: आहे, पण कसा आणि किती

इथे दोन वेगळ्या गोष्टी लोक हमखास एकत्र करतात. चंद्रयान-१ वरच्या उपकरणाने २००९ मध्ये दाखवलेली पाण्याची आणि हायड्रॉक्सिलची (एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन अशा जोडीची) खूण ही उन्हातल्या मातीतलीही होती. सोफिया या उडत्या दुर्बिणीने २०२० मध्ये क्लेव्हियस विवरात पाण्याचे रेणू नक्की केले: दहा लाख भागांत १०० ते ४१२ भाग. म्हणजे टनभर मातीत १०० ते ४०० ग्रॅम. खाण म्हणून याला काही अर्थ नाही.

खाणीचा बर्फ तो ध्रुवावरच्या कायम सावलीतल्या विवरांतला. तिथे तापमान उणे २४० च्या आसपास जातं, त्यामुळे अब्जावधी वर्षं साठलेली वाफ सुटून जात नाही. ९ ऑक्टोबर २००९ ला एलक्रॉस मोहिमेत रॉकेटचा रिकामा टप्पा केबियस विवरात आदळवला. उडालेल्या ढगात वजनाने ५.६ टक्के पाणी निघालं, कमी-जास्त २.९. पुढे २०१८ मध्ये चंद्रयान-१ च्याच नोंदींतून काही विवरांच्या पृष्ठभागावर उघडा बर्फ असल्याचं दिसलं, पण अशा थंड जागांपैकी थोड्याच जागी. म्हणजे बर्फ पसरलेला आहे तो गालिच्यासारखा नाही, ठिगळांसारखा.

आणि प्रत्यक्ष ढवळून मोजलेली जागा ती एकच. २०२५ च्या मार्चमध्ये दक्षिण ध्रुवाकडच्या मॉन्स मुटन या डोंगराजवळ एक मीटर खोल ड्रिल करायचं ठरलं होतं. लँडर आडवा पडला. ड्रिल हलवून बघता आलं, जमिनीत मात्र घालता आलं नाही. बर्फ शोधायला बनवलेला व्हायपर रोव्हर २०२४ मध्ये रद्द झाला आणि २०२५ मध्ये त्याला दुसऱ्या यानाची जागा मिळाली. खाणकामातला कोणीही माणूस एका नमुन्यावर खाण उघडत नाही, मग तो नमुना कितीही आशादायक असो.

तरी गणित करून बघायला हरकत नाही, कारण ते लोकांना वाटतं त्याच्या उलट निघतं. इंधन सोडून १० टन वजनाचं यान चंद्रावरून कक्षेत न्यायचं, वेगात सेकंदाला १.९ किलोमीटरची भर घालायची. चांगल्या हायड्रोजन इंजिनाला हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून ५.४ टन माल लागेल, त्यात हायड्रोजन ७७० किलो. पाण्याच्या वजनाचा नववा भाग हायड्रोजन, म्हणून पाणी सात टन. यात दीड टन ऑक्सिजन वर उरतो, चार माणसांना वर्षभर पुरून थोडा शिल्लक राहील इतका. पाच टक्के बर्फ आणि तीन चतुर्थांश हाती लागेल असं धरलं, तर माती १८५ टन. म्हणजे अकरा मीटर लांब, अकरा मीटर रुंद, एक मीटर खोल खड्डा. बस. पाणी काढणं, फोडणं आणि दोन्ही वायू द्रवरूप करणं मिळून किलोमागे १० युनिट धरा, तर ७०,००० युनिट. ४० किलोवॅटच्या अणुभट्टीला ७२ दिवस. खणायचा वेग तासाला १०७ किलो, म्हणजे एक मजूर फावड्याने सहज उपसेल तेवढा.

मग अडचण कुठे? ते फावडं उणे २३० अंशांना, अंधारात, ७२ दिवस चालायला हवं. साधं पोलाद त्या थंडीत काचेसारखं तडकतं. ग्रीस दगड होतं, म्हणून मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखं कोरडं वंगण वापरायचं, आणि ते झिजत जातं. बर्फ मिसळलेली माती त्या तापमानाला काँक्रीटसारखी कडक, त्यामुळे खरवडायला जोर हवा. पण यंत्राचं वजन सहाव्या भागावर आलेलं, म्हणून दात जमिनीत रुतवायला गेलं की यंत्रच वर उचललं जातं. नासाच्या रॅसर यंत्रात यावर छान उपाय आहे: पुढे-मागे दोन ढोल, उलट दिशांनी फिरणारे, त्यामुळे एकाचा धक्का दुसरा खातो. भुसभुशीत मातीला तो पुरतो. काँक्रीटला पुरेल का, हे तिथे गेल्यावरच कळेल.

माती भट्टीत आणली तरी ती तापत नाही. निर्वातात कोरडी माती थर्मास फ्लास्कइतकीच उष्णता अडवते. वरचा थर भाजून निघतो आणि चार सेंटिमीटर खाली काहीच पोचत नाही. म्हणून ती ढवळत राहावी लागते, म्हणजे आत फिरणारे भाग आले, धूळ आणि सील आलं. सुटलेली वाफ पाइपात जिथे थंड कोपरा मिळेल तिथे गोठते आणि पाइप तुंबतो. पाइप सगळीकडे गरम ठेवायचा. आणि ते पाणी शुद्ध नसतं. केबियसच्या ढगात हायड्रोजन सल्फाइड, अमोनिया, सल्फर डायऑक्साइड आणि पारा यांच्याही खुणा सापडल्या. असं पाणी तसंच इलेक्ट्रोलायझरला, म्हणजे विजेने पाणी फोडणाऱ्या यंत्राला दिलं तर पडदा आणि उत्प्रेरक दोन्ही वाया जातील. आधी ऊर्ध्वपातन, मग शोषक थर, मग आयन काढणं, असा सगळा संच लागतो. बर्फाच्या खाणींचे आराखडे काढणारे या संचासाठी बहुतेक वेळा एका चौकोनात ‘शुद्धीकरण’ असं लिहून मोकळे होतात.

धुरळा आणि उतरायची जागा

अपोलो १७ च्या अंतराळवीरांचा मुक्काम ७५ तासांचा. तेवढ्यात पोशाखांचे सांधे घट्ट झाले, बाहेरचं कापड झिजलं, आत आल्यावर धुळीने नाक-डोळे चुरचुरले. नमुन्यांच्या निर्वात पेट्यांची सीलं तर कणांमुळे नीट बसलीच नाहीत. रोव्हरच्या मडगार्डचा तुकडा तुटला तेव्हा नकाशे टेपने चिकटवून काम भागवावं लागलं, नाहीतर चाकाची धूळ सगळ्यांवर पाऊस पाडत होती. उन्हाने आणि सौरवाऱ्याने भारित झालेला हा फुफाटा कापडाला, काचेला, पत्र्याला चिकटतो आणि पुसायला गेलं की ओरखडे पाडतो.

उपाय आहेत. पोशाख आत आणायचाच नाही, तो निवाऱ्याच्या भिंतीला बाहेरून अडकवायचा आणि पाठीतून आत-बाहेर व्हायचं. काचेवर आणि पॅनलवर बारीक विद्युतपट्ट्या बसवून बदलत्या विद्युतक्षेत्राने धूळ झटकायची. हे २०२५ च्या मार्चमध्ये ब्ल्यू घोस्ट लँडरवर चंद्रावरच यशस्वीपणे करून दाखवलं गेलं. फिरत्या सीलांवर मात्र अजून समाधानकारक तोड नाही. तिथे एकच धोरण: सांधे कमी, आणि जे असतील ते पटकन बदलता येणारे.

उतरणाऱ्या यानाचा झोत ही धुळीचीच दुसरी बाजू. हवा नसल्याने उडालेले कण थांबत नाहीत. आधीच उतरलेल्या सर्व्हेयर-३ या यानापासून दीडशे-एक मीटरवर अपोलो १२ उतरलं, तर तेवढ्यात त्याच्यावर वाळूचा मारा झाल्यासारखे डाग पडले. उद्याची यानं अपोलोपेक्षा कितीतरी जड असतील. म्हणून वस्तीचं पहिलं बांधकाम घर नसून उतरायचा चौथरा असायला हवा. माती १,००० ते १,१०० अंशांना मायक्रोवेव्हने किंवा एकवटलेल्या उन्हाने भाजून फरशा बनवायच्या, भोवती मातीचा बांध घालायचा. बांधाला काहीच तंत्र लागत नाही, माती ढकलायची. मातीला दुसरा नंबर दिला तो यासाठी, आणि किरणांपासूनच्या आच्छादनासाठी.

घर

चांद्रमातीच्या विटांचं घर हे चित्र फार लोकप्रिय आहे. गणित त्याच्या विरोधात आहे. आत ५६.५ किलोपास्कल दाब ठेवला (३४ टक्के ऑक्सिजनसह हा दाब पोशाख चढवून बाहेर पडण्याच्या तयारीचा वेळ वाचवतो), तर प्रत्येक चौरस मीटरवर आतून सुमारे पावणेसहा टनांचा रेटा. वर तीन मीटर माती टाकली तर तिचं चंद्रावरचं दडपण आठ किलोपास्कलही नाही. नुसत्या मातीने तो रेटा तोलायचा तर ढीग २२ मीटरचा लागेल. म्हणजे चंद्रावरचं घर कोसळायचं भय नाही, ते फुटायचं आहे. वीट ताण सहन करत नाही. म्हणून आत ताणाला पक्का धातूचा किंवा विणलेल्या कापडाचा फुगा पृथ्वीवरून न्यायचा, आणि माती फक्त वरून, किरणांसाठी.

किती माती? चांग-ई ४ वरच्या उपकरणाने पृष्ठभागावर दिवसाला १,३६९ मायक्रोसिव्हर्ट (सिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराचं माप) मोजले, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या अडीचपट. वर्षाला अर्धा सिव्हर्ट. मीटरभराचा पातळ थर फसवा असतो, कारण वैश्विक किरण मातीवर आदळून न्यूट्रॉन सोडतात. दोन-तीन मीटर थर हवा. सौरवादळ वेगळं: ऑगस्ट १९७२ मध्ये, अपोलो १६ आणि १७ च्या मधल्या काळात, असं एक मोठं वादळ येऊन गेलं. तेव्हा कोणी बाहेर असतं तर प्रकरण गंभीर झालं असतं. त्यासाठी पाण्याच्या टाक्यांनी वेढलेली एक छोटी खोली पुरते, आणि रोव्हर घेऊन दूर गेलेल्यांना तासाभरात परतता यावं एवढाच नियम.

लाव्हाच्या भुयारांची बरीच चर्चा असते. मारे ट्रँक्विलिटाटिस या काळसर सपाट भागातल्या शंभर मीटर रुंद खड्ड्याच्या सावलीत तापमान १७ अंशांच्या आसपास स्थिर राहतं असं २०२२ मध्ये दिसलं. २०२४ मध्ये रडारच्या जुन्या नोंदींतून त्याच्या तळाशी पोकळी असल्याचे पुरावे मिळाले. जागा सुरेख, पण शंभरेक मीटर खाली उतरायचं कसं, माल कसा सोडायचा, आणि ३५४ तासांची रात्र तिथेही आहेच. पहिल्या वस्तीसाठी नाही.

अन्नाचं लवकर आटपतो. पॅकिंगसकट माणशी दिवसाला १.८ किलो, चौघांना वर्षाला अडीच टनांवर. फ्लोरिडा विद्यापीठाने २०२२ मध्ये अपोलोच्या मातीत अरॅबिडोप्सिस या मोहरीच्या कुळातल्या वनस्पतीची रोपं उगवून दाखवली. ती जगली, पण खुरटली. मातीत नायट्रोजन आणि कार्बन नगण्य, त्यामुळे शेती पाण्यावरच करावी लागेल आणि खतं पृथ्वीवरून येतील. पाणी मात्र पुन्हा वापरता येतं, अवकाश स्थानकावर २०२३ मध्ये ९८ टक्के परतावा गाठला गेला. सहाव्या भागाच्या गुरुत्वात हाडं आणि स्नायू वर्षभरात कसे वागतील याची नोंदच नाही, माणसाचा सर्वांत लांब मुक्काम ते ७५ तास. म्हणून पाळी सहा महिन्यांच्या वर नेऊ नये असं मला वाटतं.

हेलियम-३ आणि मालकी

हेलियम-३ चं प्रमाण चांगल्या मातीतही वजनाने अब्जात दहा-वीस भाग. अब्जात दहा धरलं तर एका किलोसाठी एक लाख टन माती ७०० अंशांपर्यंत तापवायची. वरच्या बर्फाच्या खड्ड्यासारखे साडेपाचशे खड्डे. आणि ते जाळणारी अणुमीलन भट्टी अजून कुठेही नाही, ड्युटेरियम-ट्रिटियमचंच जमलेलं नाही आणि हे त्याहून अवघड. अतिशीत उपकरणांसाठी थोडं हेलियम-३ महागात विकलं जातं हे खरं, पण त्यावर वस्ती उभी राहत नाही. धातू पृथ्वीवर आणून विकायची कल्पनाही अशीच. चंद्रावरचं लोखंड चंद्रावर उपयोगाचं.

मालकीचं म्हणाल तर १९६७ चा अवकाश करार कोणत्याही देशाला चंद्राच्या भूभागावर हक्क सांगू देत नाही. काढलेला माल कोणाचा, यावर तो गप्प आहे. अमेरिकेने २०१५ मध्ये, लक्झेंबर्गने २०१७ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये काढणाऱ्याचा हक्क मान्य करणारे कायदे केले. अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या २०२० च्या आर्टेमिस करारांची भूमिका तशीच, भारताने त्यावर २०२३ मध्ये सही केली. चीन आणि रशिया त्यात नाहीत, त्यांचा स्वतंत्र तळ ठरतो आहे, आणि तोही दक्षिण ध्रुवाजवळच. करारांतल्या ‘सुरक्षा क्षेत्रां’वरून (आपल्या कामात दुसऱ्याने अडथळा आणू नये म्हणून आखायची भोवतीची जागा) वाद होईल तो खनिजांसाठी नव्हे, प्रकाशाच्या त्या मोजक्या कड्यांसाठी.

पुढच्या बातम्या वाचताना तीन आकडे बघा. यंत्राने चंद्रावरच्या किती रात्री काम करत काढल्या. कायम सावलीत, मीटरभर खोल, किती ठिकाणी भोकं पाडली. आणि किती किलो ऑक्सिजन बनवला. मंगळावर मॉक्सी या उपकरणाने २०२१ ते २०२३ मध्ये १६ खेपांत मिळून १२२ ग्रॅम बनवला होता. चंद्रावर आजवर एक ग्रॅमही नाही.